फेरफार क्रमांक एक : नेब्रास्कातील तीन दिवस

सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षे आधी तलाठी आणि नंतर मंडल अधिकारी म्हणून नोकरी केल्यामुळे कोणत्याही गावी गेलो की त्या गावचा सातबारा कसा असेल, हाच विचार प्रथम मनात येतो. मुलगी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातील ओमाहाला राहते. आम्हा दोघांना तिने शिकागो दाखवले, बर्फाच्छादित डोंगर दाखवले, आणि मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, इथून दीडशे किलोमीटरवर एका शेतकऱ्याचे राष्ट्रीय स्मारक आहे. सरकारकडून फुकट जमीन मिळवण्याचा पहिला अर्ज त्याने केला होता. अर्ज क्रमांक एक.” ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे निघालो.

त्या शेतकऱ्याचे नाव डॅनियल फ्रीमन. जन्म २६ एप्रिल १८२६, ओहायो राज्यात, बालपण इलिनॉयमध्ये, मृत्यू ३० डिसेंबर १९०८ रोजी, स्वतःच्याच जमिनीच्या परिसरात, ब्याऐंशी वर्षांचा होऊन. मधल्या काळात तो वैद्यकी शिकला, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या म्हणजे युनियन सैन्यात टेहळणीचे काम केले, आणि मग उरलेले आयुष्य एकाच ओढ्याच्या काठी काढले.

पहिला दिवस : ओमाहा ते ब्राउनव्हिल, आणि तेथून बीॲट्रिस

सरळ बीॲट्रिसला जाणारा रस्ता जवळचा होता. परंतु अर्ज जेथे दाखल झाला ते गाव आधी पाहावे, असा माझा आग्रह होता. मिसूरी नदीच्या काठावरचे ब्राउनव्हिल एकेकाळी आगबोटींचे गजबजलेले बंदर होते आणि सरकारी जमीन कचेरी तेथे होती. आज गावात दीडएकशे माणसे राहत असतील. विटांच्या जुन्या इमारती, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि उताराच्या शेवटी संथ, गढूळ, कृष्णेच्या पुराच्या रंगाची नदी.

२० मे १८६२ रोजी लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि तो १ जानेवारी १८६३ पासून अंमलात आला. एकवीस वर्षांवरील कोणीही, किंवा वय कमी असले तरी कुटुंबप्रमुख असलेला कोणीही, अर्ज करू शकत होता. एकट्या स्त्रिया आणि विधवासुद्धा. नागरिक नसलेल्याने नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला की पुरे. युनियनविरुद्ध शस्त्र उचललेल्यांना मात्र बंदी होती. मिळणारी जमीन १६० एकर, म्हणजे सुमारे ६५ हेक्टर. एकूण फी अठरा डॉलर. अट एकच, पण कडक : पाच वर्षे त्या जमिनीवर राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची, आणि मग दोन साक्षीदार आणून ते सिद्ध करायचे.

फ्रीमनला सेंट लुईसला कामावर हजर व्हायचे होते आणि कचेरी उघडेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. आख्यायिका अशी की, ३१ डिसेंबरच्या रात्री नववर्षाच्या मेजवानीत त्याची गाठ जमीन कचेरीच्या माणसांशी पडली, त्याने गळ घातली, आणि मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी कचेरी उघडून त्याचा अर्ज नोंदवून घेण्यात आला. मेजवानीचे खरेखोटे काहीही असो; अर्ज क्रमांक १ त्याच्या नावावर आहे, हे कागदावर आहे. त्याच दिवशी निरनिराळ्या कचेऱ्यांत आणखी ४१७ अर्ज आले. आमच्या नोकरीत एखाद्याने मध्यरात्री दप्तर उघडून अर्ज घेतला असता, तर सकाळी विभागीय चौकशीची नोटीस हातात पडली असती, असे मी म्हणालो, तेव्हा सौ. म्हणाल्या, “तुम्ही दिवसासुद्धा कुठे लवकर घ्यायचात!”

*ब्राउनव्हिलला जाणाऱ्यांसाठी :* दुपारचे जेवण आधीच्या मोठ्या गावी उरकावे किंवा डबा बरोबर ठेवावा. आम्ही मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नदीकाठच्या बाकावर बसून खाल्ली. तेथून महामार्ग १३६ सरळ पश्चिमेला बीॲट्रिसला जातो. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. गावाचे नाव उच्चारताना जोर ‘ॲ’वर द्यायचा असतो. मी ‘बिअट्रिस’ म्हणालो तर पेट्रोल पंपावरच्या मुलीने हसून दुरुस्त केले.

रात्री मोठे वादळ झाले. आमचे जेवण आटोपते न आटोपते तोच गावभर भोंगा वाजू लागला आणि मोटेलच्या वयस्कर मालकीणबाईंनी सगळ्या पाहुण्यांना तळमजल्याच्या मधल्या बोळात, खिडक्यांपासून दूर बसवले. चक्रीवादळ आलेच नाही. गारा पडल्या आणि पाऊण तासात आकाश मोकळे झाले. त्या बोळात माझ्या शेजारी एक निवृत्त मका-शेतकरी बसले होते. आम्ही कशासाठी आलो हे ऐकल्यावर ते म्हणाले, “फ्रीमन? फार भांडखोर म्हातारा होता तो.” मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी गावाने ज्याचा स्वभाव लक्षात ठेवला आहे, त्या माणसाविषयी माझा आदर त्या क्षणी वाढला.

दुसरा दिवस : एकशे साठ एकर

बीॲट्रिसच्या वायव्येला, राज्य महामार्ग ४ वर, सुमारे सहा-सात किलोमीटरवर होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. प्रवेश विनामूल्य आहे. मुख्य इमारतीचे छप्पर जमीन फाडत पुढे जाणाऱ्या नांगराच्या फाळासारखे वर उचललेले आहे. पण मला इमारतीपेक्षा तिच्यासमोरचे वाहनतळ अधिक आवडले. ते बरोबर एक एकराचे आहे. शहरात वाढलेल्या माणसाला एकर म्हणजे किती हे दाखवण्याची याहून चांगली युक्ती मी पाहिलेली नाही. मुलीने त्याला एक फेरी मारली आणि म्हणाली, “याच्या एकशे साठपट?” मी म्हणालो, “आणि नांगर घोड्याचा किंवा बैलाचा.”

प्रवेशाच्या वाटेवर तीस राज्यांचे धातूचे नकाशे ओळीने उभे आहेत आणि प्रत्येकात एक चौकोन कापलेला आहे. त्या राज्याची किती जमीन या कायद्याने वाटली गेली, ते त्या चौकोनाच्या आकारावरून कळते. नेब्रास्काचा चौकोन सर्वांत मोठा, कारण राज्याची ४५ टक्के जमीन अशी गेली. सगळ्या देशात मिळून सुमारे २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण क्षेत्रफळाच्या दहा टक्के जमीन आणि सोळा लाखांच्या आसपास यशस्वी दावे.

ज्या कागदासाठी मी आलो होतो तो मात्र आत होता. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर १८६८ मध्ये फ्रीमनने पुरावा दाखल केला, आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांनी जबानी दिली. त्या जबानीतील मजकूर वाचताना मला आपल्या पंचनाम्याची इतकी आठवण आली की, मी तो तीनदा वाचला. चौदा फूट बाय वीस फूट घर, काही भाग ओंडक्यांचा, काही फळ्यांचा; एक मजला, दोन दारे, दोन खिडक्या, लाकडी कौलांचे छप्पर, फळ्यांची जमीन; राहण्यास सोयीचे. सुमारे पस्तीस एकर नांगरून, कुंपण घालून कसलेली. एक तबेला, शंभर फूट लांबीचा मेंढ्यांचा गोठा, मक्याची कणगी. सफरचंदाची चाळीस आणि पीचची सुमारे चारशे झाडे लावलेली.

पंचनामा चांगला झाला आहे की नाही, हे मला पहिल्या चार ओळींत कळते. ज्याने खोटा लिहिला असेल तो ‘चांगले घर, बरीच झाडे’ असे लिहितो. ज्याने जागेवर जाऊन लिहिला असेल तो खिडक्या मोजतो. शेजाऱ्यांनी ‘दोन दारे, दोन खिडक्या’ असे सांगितले, म्हणजे ते त्या घरात जाऊन बसलेले होते. या कायद्याखाली लबाडीही पुष्कळ झाली. ‘बारा बाय चौदा’चे घर असे लिहून फुटांऐवजी इंचांचे खोके जमिनीवर ठेवल्याच्या गोष्टी तेथील अधिकारी हसत सांगतात. फ्रीमनचे प्रकरण मात्र स्वच्छ निघाले. अंतिम मालकीपत्र, ज्याला तेथे पेटंट म्हणतात, १ सप्टेंबर १८६९ या तारखेचे आहे आणि ते पहिल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर चढले. माझ्या भाषेत सांगायचे तर फेरफार क्रमांक एक.

येथे एक फरक नमूद करावासा वाटतो. आपल्याकडेही माजी सैनिकांना शासकीय जमीन देण्यात प्राधान्य आहे आणि अशी काही प्रकरणे माझ्या हातून गेली आहेत. पण ती जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोनची, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. होमस्टेडची जमीन पेटंट मिळताच पूर्ण मालकीची होत असे. १८७२ मध्ये तर माजी सैनिकांना आणखी सवलत मिळाली : जितकी वर्षे सैन्यात काढली तितकी पाच वर्षांतून वजा, एक वर्ष मात्र जमिनीवर राहणे भाग होते. कित्येक सैनिकांनी ही सवलत वापरून जमिनी घेतल्या आणि लगेच विकल्या. अपशिंग्याच्या किंवा खटावच्या सैनिकाला असे करता आले असते, तर त्याचे भले झाले असते की नुकसान, यावर आम्हा दोघांत परतीच्या वाटेवर बराच वाद झाला.

दुपारी इमारतीतील संगणकावर मुलीने जुन्या अर्जांचा शोध घेतला. आडनावे जर्मन, झेक, स्वीडिश, आयरिश, नॉर्वेजियन. तिने सहज विचारले, आपले कोणी होते का? कायद्याने होणे कठीण होते. जो नागरिक होऊ शकतो त्यालाच जमीन, आणि १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नसल्यामुळे नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. सैनिक असूनही त्यांच्यासाठी हे दप्तर बंद होते.

ॲग्नेस

फ्रीमनच्या कुटुंबाची हकीकत सौ.नी माझ्यापेक्षा बारकाईने वाचली, म्हणून तिचे श्रेय त्यांना. त्याचा पहिला विवाह आधी होऊन गेलेला होता. दुसरी पत्नी ॲग्नेस सूटर, आयोवातील ले क्लेअर या गावची. मिसिसिपी नदीवर बोटी चालवणाऱ्या वाटाड्यांच्या घराण्यातील. तिचे लग्न ठरले होते ते डॅनियलच्या भावाशी, जेम्सशी. जेम्स युद्धात गेला आणि परत आला नाही. त्यानंतर डॅनियलने तिला पत्रे लिहिण्यास सुरुवात केली, आणि लग्नाची मागणीही पत्रातूनच घातली. ८ फेब्रुवारी १८६५ रोजी ले क्लेअरला त्यांचे लग्न झाले. ती त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान.

सौ. त्या फलकासमोर बराच वेळ उभ्या होत्या. “जो दीर व्हायचा तोच नवरा झाला,” त्या म्हणाल्या, “आणि पाहिली नाही, भेटली नाही अशा माळरानावर नांदायला गेली. आपल्या आज्यासुद्धा अशाच. फक्त त्यांना आधी पत्रे कोणी लिहिली नाहीत.”

त्या माळरानावर ॲग्नेसने मुलेबाळे वाढवली. पुढे ओंडक्यांच्या घराऐवजी विटांचे मोठे घर झाले, जे नंतर जळाले. नवरा गेल्यावर ती आणखी बावीस वर्षे जगली. मृत्यू १९३१ मध्ये. स्मारक मात्र तिने पाहिले नाही. अमेरिकेच्या संसदेने त्याचा कायदा केला १९३६ मध्ये.

त्या काळच्या घरात संसार म्हणजे काय, ते इमारतीशेजारी आणून ठेवलेल्या पामर-एपार्ड केबिनमध्ये कळते. १८६७ चे हे घर, आतून चौदा बाय सोळा फूट, आणि त्यात दहा मुलांचे कुटुंब राहिले. आम्ही तिघे आत उभे राहिलो तरी सौ.ना चूल शोधताना माझ्या पायावर पाय द्यावा लागला.

शाळा

येथून थोड्या अंतरावर फ्रीमन शाळा आहे : १८७२ ची, विटांची, एका खोलीची, १९६७ पर्यंत चाललेली. मोटेलमधील शेतकऱ्यांचे ‘भांडखोर म्हातारा’ हे शब्द मला येथे कळले.

१८९९ मध्ये या शाळेतील शिक्षिका एडिथ बीचर मुलांना बायबल वाचून दाखवत, प्रार्थना म्हणवून घेत. सत्तरी ओलांडलेल्या फ्रीमनने हरकत घेतली : सरकारी शाळेत धर्माचे शिक्षण नको. शाळा समितीने ऐकले नाही. जिल्हा न्यायालयात तो हरला. तेव्हाही तो थांबला नाही, आणि १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रीमन विरुद्ध शीव्ह या खटल्यात त्याच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील प्रार्थना आणि बायबलवाचन याविषयी असा निर्णय दिला तो साठ वर्षांनी, १९६२ आणि १९६३ मध्ये. अर्ज क्रमांक एक हा थोडा नशिबाचा भाग मानला, तरी हा खटला नशिबाचा नव्हता. माझ्या मते म्हाताऱ्याचे मोठेपण मध्यरात्रीच्या त्या दहा मिनिटांत नसून या तीन वर्षांच्या चिकाटीत आहे, आणि उद्यानात याची हकीकत आणखी ठळकपणे सांगायला हवी होती.

शाळेत आजही लहान बाके, फळा आणि मधोमध शेगडी आहे. बाकावर बसून मी खिडकीबाहेर पाहिले तर मक्याचे शेत पार क्षितिजापर्यंत गेलेले.

*सूचना :* गवताळ भागातील पायवाटांवर जायचे असल्यास उन्हाळ्यात पूर्ण बाह्या, लांब पँट आणि पायमोजे हवेतच. गवतात गोचिडे आहेत. परतल्यावर अंग तपासावे. पाणी बरोबर घ्यावे, वाटेत सावली फक्त ओढ्याजवळ आहे. संध्याकाळी जेवायला आठच्या आत बसावे. शाकाहारी माणसाचे हाल होतात, पण दालचिनीचा गोड रोल आणि त्याच्याबरोबर घेवड्याचे तिखट कालवण अशी विचित्र जोडी तेथे प्रिय आहे. मांस घातलेले नाही याची खात्री करून आम्ही ती खाल्ली, आणि शिऱ्याबरोबर आमटी खाणाऱ्या आम्हाला ती मुळीच विचित्र वाटली नाही.

तिसरा दिवस : थडगी, ओढा आणि दक्षिणेकडील गाव

सकाळी ऊन चढण्याआधी पुन्हा गेलो. फ्रीमनची जमीन नकाशावर चौरस दिसत नाही, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी आहे. चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे त्याने असे निवडले की, कब क्रीक हा ओढा आणि त्याच्या काठची झाडे आपल्या हद्दीत यावीत. माळरानावर पाणी आणि लाकूड ज्याच्याकडे तो टिकला. ओढ्यात उतरून मी माती हातात घेतली. काळी, भुसभुशीत, आपल्या नदीकाठच्या मळईसारखी. हा माणूस डॉक्टर असेल, सैनिक असेल, पण जमीन निवडली ती शेतकऱ्याच्या नजरेने.

दक्षिण हद्दीवर ओसेज ऑरेंज झाडांची काटेरी रांग अजून उभी आहे. काटेरी तार सर्रास मिळू लागण्यापूर्वी हेच कुंपण. आपण बांधाला शेर किंवा निवडुंग लावतो तसे. बाकीच्या शंभरएक एकरांवर मूळचे उंच गवत १९३९ पासून परत वाढवले आहे. ऑगस्टमध्ये ते माझ्या डोक्याच्या वर गेले होते, आदल्या रात्रीच्या दवाने जड झालेले, आणि वारा आला की बाजरीच्या शिवारासारखे एका बाजूला कलत होते. गंमत अशी की, ज्या माणसाने हे गवत नांगरले म्हणून त्याचे स्मारक झाले, त्याच्या स्मारकात सरकार तेच गवत जपते आहे.

पूर्वेच्या उंचवट्यावर डॅनियल आणि ॲग्नेस यांची थडगी आहेत. तेथून सगळी एकशे साठ एकर नजरेत येते.

इमारतीत ठेवलेला एक छोटा, नारिंगी रंगाचा ट्रॅक्टर आदल्या दिवशी घाईत राहून गेला होता, तो निघण्यापूर्वी पाहिला. तो केन डिअरडॉर्फ यांचा. १९७४ मध्ये त्यांनी अलास्कात स्टोनी नदीकाठी ऐंशी एकरांचा दावा केला आणि १९८८ मध्ये त्यांना मिळालेले पेटंट या कायद्याखालचे शेवटचे. तेही सैनिक, व्हिएतनाम युद्धातून परतलेले. पहिला आणि शेवटचा, दोन्ही नोंदी सैनिकांच्या नावावर.

परत फिरण्याऐवजी मी मुलीला अर्धा तास दक्षिणेला, बार्नस्टनकडे गाडी न्यायला सांगितली. नोंदवहीच्या पहिल्या पानाविषयी मनात एक शंका आली होती. सातबाऱ्यावर पहिला फेरफार दिसला तरी त्या जमिनीवर आधी कोणीतरी असतेच. जुना तलाठी ‘इतर हक्क’ हा रकाना आधी पाहतो. ही जमीन ओटो-मिसूरिया लोकांची होती. १८५४ च्या करारात त्यांना ती सोडावी लागली आणि त्यांच्याकडे उरला तो बिग ब्लू नदीकाठचा, आजच्या बार्नस्टनभोवतीचा एक पट्टा. फ्रीमनचा अर्ज त्यानंतर नऊ वर्षांनी आला. १८८१ मध्ये तो पट्टाही गेला आणि ते लोक आजच्या ओक्लाहोमात पाठवले गेले. म्हणजे फ्रीमनच्या मेंढ्या आणि पीचची रोपे वाढत होती तेव्हा अठरा वर्षे ते एका दिवसाच्या घोड्याच्या वाटेवर राहत होते. बार्नस्टन लहान, शांत गाव आहे. पुलावर थांबून आम्ही नदी पाहिली. कोणी भेटले नाही.

परतताना विल्बर या झेक लोकांच्या गावी थांबून कोलाचे, म्हणजे सारण घातलेले गोड पाव, खाल्ले; खसखशीचे सौ.ना आवडले, जर्दाळूचे मला. ओमाहाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक माणूस गाडीवर पीच विकत होता. मोठे, लालसर, वास दुरूनच येणारे. मी विचारले, इथलेच का? तो म्हणाला, नाही, कोलोरॅडोचे. इथे झाडे लागतात, पण कळ्या वसंतातल्या थंडीने मरतात.

चारशे झाडे, मी मुलीला म्हणालो. जबानीत ‘लावलेली’ इतकेच आहे. तिने पेटी गाडीत ठेवली आणि आम्ही घरी येईपर्यंत त्यातले सहा संपवले.